अतिसंवाहक नॅनोतार अभिज्ञातक

अतिसंवाहक नॅनोतार अभिज्ञातक : अतिसंवाहक अवस्थेत ठेवलेल्या अत्यंत पातळ व अरुंद पट्टीच्या साहाय्याने प्रकाशाचा एकेक कण (फोटॉन) स्वतंत्रपणे ओळखून त्याची नोंद करणारे उपकरण. काही पदार्थांचा विद्युत् रोध विशिष्ट नीच तापमानाखाली पूर्णपणे नाहीसा होतो, या आविष्कारास अतिसंवाहकता म्हणतात [⟶ अतिसंवाहकता]. प्रस्तुत उपकरणातील पट्टीने प्रकाशकण शोषला की तिची अतिसंवाहकता क्षणभर मोडते, पट्टीच्या टोकांमध्ये विद्युत् दाबाचा एक स्पंद निर्माण होतो आणि हा स्पंद हाच प्रकाशकण आल्याचा पुरावा मानला जातो. असे पहिले यशस्वी उपकरण २००१ मध्ये तयार झाले. तथापि याच पदार्थाच्या व तत्त्वतः याच प्रकारच्या पट्टीने आल्फा कणांची नोंद १९४९ मध्येच केली होती. मधल्या बावन्न वर्षांत नेमके काय कमी पडत होते, हा या उपकरणाच्या इतिहासातील मुख्य प्रश्न होय.

प्रकाशाची ऊर्जा तुटक पुंजांच्या स्वरूपात असते, ही कल्पना माक्स प्लांक यांच्या १९०० मधील उपपत्तीतून पुढे आली व आल्बर्ट आइन्स्टाइन यांनी १९०५ मध्ये प्रकाशविद्युत् परिणामाच्या विवरणात तिचा उघड स्वीकार केला. सत्येंद्रनाथ बोस यांनी १९२४ मध्ये या पुंजांची सांख्यिकी मांडली आणि ‘फोटॉन’ हे नाव १९२६ मध्ये जी. एन. ल्यूइस यांच्या लेखामुळे रूढ झाले. कण मानला तरी तो एकेकटा टिपणे ही गोष्ट सोपी नव्हती. संदेशवहनात वापरल्या जाणाऱ्या १,५५० नॅनोमीटर (एक नॅनोमीटर = मीटरचा एक अब्जांश भाग) तरंगलांबीच्या अवरक्त प्रकाशकणाची ऊर्जा केवळ ०·८ इलेक्ट्रॉन व्होल्ट इतकी असते. मानवी डोळा या बाबतीत थक्क करण्याइतका कुशल आहे. न्यूयॉर्क येथील कोलंबिया विद्यापीठात सेलिग हेख्ट, एस. श्लेअर व एम. एच. पिरेन यांनी केलेल्या व १९४२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांनुसार, अंधाराला सरावलेल्या डोळ्यास प्रकाशाची जाणीव होण्यास दृष्टिपटलाने ५ ते १४ प्रकाशकण शोषले तरी पुरते. परंतु डोळा मोजणी करीत नाही, आलेल्या क्षणाची अचूक नोंद ठेवीत नाही आणि १,५५० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश त्याला दिसतच नाही.

मोजणीचे काम प्रथम प्रकाशगुणक नलिकेने साध्य केले. प्रकाशकणाने निर्वात नलिकेतील पृष्ठभागावरून एक इलेक्ट्रॉन उडवावयाचा व एकामागून एक विद्युत् अग्रांवर आदळवून त्याचे लक्षावधी इलेक्ट्रॉन करावयाचे, अशी तिची रीत होय. १९३० नंतरच्या दशकात अमेरिका व सोव्हिएट रशिया या दोन्ही देशांत ती विकसित झाली आणि दृश्य व जंबुपार प्रकाशाच्या मोजणीत तिने दीर्घकाळ अग्रस्थान टिकविले. अवरक्त प्रकाशकणाजवळ मात्र पृष्ठभागातून इलेक्ट्रॉन सोडविण्याइतकी ऊर्जा नसते. पुढे आलेले सिलिकॉनाचे अर्धसंवाहक डायोड सु. १,००० नॅनोमीटरपर्यंत चांगले काम देतात व त्यापलीकडे तेही निरुपयोगी ठरतात. ही उणीव बरीच वर्षे कोणास फारशी जाणवली नाही. १९७० मध्ये अमेरिकेत कमी क्षतीचा काचतंतू तयार झाला व १९७९ मध्ये जपानमध्ये १,५५० नॅनोमीटर तरंगलांबीस किलोमीटरमागे केवळ ०·२ डेसिबेल इतकी क्षती असलेला तंतू बनविण्यात आला. तेव्हापासून जगातील दूरसंदेशवहन नेमक्या अशा तरंगलांबीकडे वळले, जेथे एकेक प्रकाशकण मोजण्याचे चांगले साधन उपलब्ध नव्हते. इंडियम गॅलियम आर्सेनाइड या अर्धसंवाहकाचे डायोड वापरात आले; पण त्यांची कार्यक्षमता बराच काळ १० ते २० टक्क्यांच्या आसपास राहिली. शिवाय एका खऱ्या स्पंदानंतर खोटे स्पंद उमटण्याचा दोष त्यांत होता व तो टाळण्यासाठी ते बव्हंशी ठराविक क्षणीच उघडावे लागत.

नीच तापमानाकडून येणारी वाट याहून जुनी आहे. हाइके कॅमर्लिंग ऑनेस यांनी हॉलंडमधील लायडन येथे १९०८ मध्ये हीलियमाचे द्रवीकरण केले व १९११ मध्ये पाऱ्याचा रोध सु. ४·२ के. (केल्व्हिन) तापमानास एकाएकी नाहीसा होतो असे दाखविले. हा बदल अतिशय अरुंद तापमानपल्ल्यात घडतो. त्यामुळे त्या पल्ल्याच्या काठावर ठेवलेली तार तापमानातील अगदी सूक्ष्म वाढसुद्धा रोधाच्या मोठ्या बदलातून दाखवू शकेल, हे ओघाने आले. बॉल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील डी. एच. अँड्र्यूज यांनी ही कल्पना चिकाटीने पाठपुरावा करून प्रत्यक्षात आणली. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी अवरक्त प्रारण मोजण्यासाठी तयार केलेल्या अतिसंवाहक बोलोमीटराचे (प्रारणाने होणाऱ्या तापवाढीवरून प्रारणाचे मापन करणाऱ्या उपकरणाचे) वर्णन १९४२ मध्ये प्रसिद्ध झाले. दरम्यान १९४१ मध्ये जर्मनीत नायोबियम नायट्राइड हे संयुग सु. १५ के. इतक्या, त्या काळच्या मानाने उच्च, तापमानास अतिसंवाहक होते असे आढळले होते. अँड्र्यूज यांनी ते उचलले. त्या वेळी अमेरिकेत नायोबियमास कोलंबियम म्हणत, म्हणून त्यांच्या लेखांत ते कोलंबियम नायट्राइड या नावाने येते. या पदार्थाचा एक मोठा व्यावहारिक फायदा असा की, तो गार करण्यास दुर्मिळ द्रव हीलियम लागत नसे, कमी दाबाखाली ठेवलेला द्रव हायड्रोजन पुरत असे.

अँड्र्यूज, आर. डी. फाउलर व एम. सी. विल्यम्स यांनी १९४९ मध्ये या पट्टीवर आल्फा कणांचा मारा केला व प्रत्येक कणागणिक विद्युत् दाबाचा स्पंद मिळविला. अतिसंवाहकाने एकेक कण मोजल्याची ही आद्य नोंद होय. तिचा गाजावाजा झाला नाही, यात आश्चर्य नाही. आल्फा कण मोजण्यास गायगर गणित्रासारखी स्वस्त साधने घरच्या तापमानास उपलब्ध असताना, त्यासाठी द्रव हायड्रोजनाचा खटाटोप कोण करणार ? प्रकाशकणांसाठी तर ती पट्टी पूर्णतः अपुरी होती. किरणोत्सर्गी द्रव्यातून येणाऱ्या आल्फा कणाची ऊर्जा सु. ५० लक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट असते, म्हणजे वर उल्लेखिलेल्या अवरक्त प्रकाशकणाच्या साठ लक्ष पट. तेवढ्या ऊर्जेने जे क्षेत्र तापते, त्याच्या काही लक्षांश क्षेत्रात प्रकाशकणाचा परिणाम आटोपतो. तो जाणवावयाचा तर पट्टीचा छेद त्याच प्रमाणात लहान करावयास हवा होता. काही नॅनोमीटर जाडीचे एकसारखे पटल तयार करण्याची व ते शंभर नॅनोमीटर रुंदीत कोरण्याची विद्या तेव्हा अस्तित्वात नव्हती. इलेक्ट्रॉन शलाकेने सूक्ष्म आकृती कोरण्याचे तंत्र पुढे अर्धसंवाहक उद्योगाच्या गरजेपोटी वाढले आणि या उपकरणाला ते आयते मिळाले.

सैद्धांतिक उणीवही होतीच. जॉन बार्डीन, एल. एन. कूपर व जे. आर. श्रीफर यांनी १९५७ मध्ये मांडलेल्या सिद्धांतानुसार अतिसंवाहकातील इलेक्ट्रॉन जोड्यांच्या रूपाने वाहतात व अशी एक जोडी फोडण्यास इलेक्ट्रॉन व्होल्टच्या काही सहस्रांश इतकीच ऊर्जा पुरते. अर्धसंवाहकात प्रकाशकण सामान्यतः एकच इलेक्ट्रॉन मुक्त करतो. येथे एकच प्रकाशकण शेकडो जोड्या फोडू शकेल, हा हिशेब आता करता येऊ लागला. अतिसंवाहक अभिज्ञातकांचे सगळे सामर्थ्य या एका गुणोत्तरात सामावलेले आहे.

हा हिशेब प्रयोगात उतरविण्याचे श्रेय मुख्यतः मॉस्को येथील राज्य शिक्षणशास्त्र संस्थेतील (पुढे विद्यापीठातील) गटाकडे जाते. शिक्षक तयार करणाऱ्या या संस्थेत ई. एम. गेर्शेन्झॉन व जी. एन. गोल्ट्समन यांनी अतिसंवाहक पटलांच्या अभ्यासाची भक्कम परंपरा उभी केली. पटलात प्रवाह वाहत असताना त्यावर प्रारण पडल्यास स्फटिकजाल फारसे न तापता केवळ इलेक्ट्रॉनच तापतात व ते अत्यंत जलद निवतात, असे या गटाने १९८१ पासून दाखवून दिले. त्यातून प्रथम निघालेले फळ वेगळेच होते : सूक्ष्मतरंग व अवरक्त यांच्या सीमेवरील प्रारण टिपणारे ‘तप्त इलेक्ट्रॉन’ मिश्रक. नायोबियम नायट्राइडाचे असे मिश्रक २००९ मध्ये सोडलेल्या यूरोपीय हर्शेल अवकाश वेधशाळेवरही बसविण्यात आले. एकल प्रकाशकण हे त्या वेळी या गटाचे उद्दिष्ट नव्हते. अमेरिकेतील रॉचेस्टर विद्यापीठात ए. एम. केडिन यांनी एम. डब्ल्यू. जॉन्सन यांच्यासह १९९६ मध्ये अशी सूचना केली की, पुरेशा पातळ पटलात एका प्रकाशकणाने निर्माण केलेला ‘तप्त बिंदू’ ओळखता आला पाहिजे. शीतयुद्धानंतरच्या त्या दशकात मॉस्को व रॉचेस्टर यांत सहकार्य जुळले होते. रॉचेस्टरचे आर. सोबोलेव्स्की व गोल्ट्समन यांच्या गटांनी मिळून केलेल्या प्रयोगाचा वृत्तांत २००१ मध्ये प्रसिद्ध झाला.

त्या प्रयोगातील पट्टी नायोबियम नायट्राइडाची, ५ नॅनोमीटर जाड, २०० नॅनोमीटर रुंद व १·३ मायक्रोमीटर लांब होती. ती ४·२ के. तापमानास ठेवून तीमधून क्रांतिक प्रवाहापेक्षा (ज्यापुढे अतिसंवाहकता टिकत नाही त्या प्रवाहापेक्षा) किंचित कमी प्रवाह सोडलेला होता. तिच्यावर ८१० नॅनोमीटर तरंगलांबीचे, अतिशय क्षीण केलेले लेसर स्पंद टाकण्यात आले. मिळणारा प्रत्येक विद्युत् स्पंद एकाच प्रकाशकणाचा आहे, हे सिद्ध कसे करावयाचे ही खरी अडचण होती, कारण क्षीण केलेल्या लेसर स्पंदात कधी एकही कण नसतो, कधी एक असतो, तर क्वचित दोन. ती अडचण संख्याशास्त्राने सोडविली. उपकरण चालण्यास एक कण पुरत असेल तर प्रकाश दहापट कमी केल्यावर मोजणीही दहापट कमी व्हावयास हवी. दोन कण एकदम लागत असतील तर ती शंभरपट कमी व्हावयास हवी. प्रवाह क्रांतिक मूल्याच्या जवळ असताना पहिला नियम व प्रवाह कमी केल्यावर दुसरा नियम लागू पडतो असे आढळले. एकाच पट्टीने, केवळ प्रवाह बदलून, दोन्ही वागणुकी दाखवाव्यात हा पुरावा निर्णायक ठरला. कार्यक्षमता सु. २० टक्के भरली, अंधारात आपोआप उमटणारे स्पंद नगण्य होते आणि तप्त बिंदू सु. ३० पिकोसेकंदांत (एक पिकोसेकंद = सेकंदाचा एक सहस्र-अब्जांश भाग) निवतो असा अंदाज मांडण्यात आला.

वर आलेली २० टक्के ही संख्या पट्टीवर प्रत्यक्ष पडलेल्या प्रकाशाच्या मानाने होती. मायक्रोमीटरभर लांबीच्या पट्टीवर काचतंतूतील प्रकाश नेमका पाडणे व्यवहारात अशक्यप्राय होते. म्हणून तार नागमोडी दुमडून सु. १० मायक्रोमीटर बाजूच्या चौरसात भरण्याची युक्ती लवकरच योजण्यात आली. क्षेत्र वाढले, पण वेगाबाबतच्या अपेक्षा मावळल्या. तीस पिकोसेकंदांत निवणारे उपकरण सेकंदास अब्जावधी कण मोजील असे वाटत होते. मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी व तिची लिंकन प्रयोगशाळा येथील ए. जे. कर्मन आणि त्यांचे सहकारी यांनी २००६ मध्ये असे दाखविले की, अडथळा उष्णतेचा नसून जोड्यांच्या जडत्वाचा आहे. वाहत्या इलेक्ट्रॉन जोड्यांना असलेल्या जडत्वामुळे तारेस ‘गतिज प्रवर्तकत्व’ येते, ते लांबीच्या प्रमाणात वाढते आणि स्पंदानंतर प्रवाह पूर्ववत होण्यास त्यामुळे कित्येक नॅनोसेकंद (एक नॅनोसेकंद = सेकंदाचा एक अब्जांश भाग) लागतात. हा विलंब बळेच कमी करावा तर प्रवाह तार निवण्याआधीच परततो व ती तापलेल्या स्थितीतच अडकून पडते. क्षेत्र आणि वेग यांतील ही ओढाताण पुढे अनेक लहान तारा शेजारीशेजारी लावून सौम्य करण्यात आली, पण ती पूर्णपणे सुटलेली नाही. येण्याच्या क्षणाची अचूकता मात्र या विलंबापासून वेगळी असते व तीत हे उपकरण निर्विवाद श्रेष्ठ ठरले : २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात वेळेतील अनिश्चितता तीन पिकोसेकंदांच्या खाली आणण्यात आली.

कार्यक्षमतेचा लढा अधिक लांबला. ५ नॅनोमीटर जाडीचे पटल बहुतांश प्रकाश आरपार जाऊ देते. मॅसॅचूसेट्स येथील के. के. बर्गग्रेन यांच्या गटाने २००६ मध्ये तारेमागे आरसा व प्रकाशीय पोकळी बसवून आरपार गेलेला प्रकाश पुन्हा तारेकडे वळविला व १,५५० नॅनोमीटरला ५७ टक्के कार्यक्षमता मिळविली. उरलेली अडचण पदार्थाच्या पोतात होती. नायोबियम नायट्राइडाचे पटल बहुस्फटिकी असते व लांब तारेत एखादी जागा जरा चिंचोळी वा सदोष राहिली तरी सर्व तारेचा प्रवाह त्या जागेच्या मर्यादेवर ठरतो. साखळीचे बळ तिच्या सर्वांत कमकुवत कडीइतके असावे, तसा हा प्रकार. त्यामुळे एकाच पटलातून कोरलेल्या अनेक तारांपैकी मोजक्याच उत्तम निघत. कोलोराडोतील बोल्डर येथील राष्ट्रीय मानक व तंत्रविद्या संस्था आणि कॅलिफोर्नियातील जेट प्रॉपल्शन प्रयोगशाळा यांनी टंगस्टन सिलिसाइड हा अस्फटिकी पदार्थ निवडून ही अडचण मुळातूनच दूर केली. स्फटिकच नसल्याने त्यांच्या सीमांचे दोषही नाहीत. एफ. मार्सिली, एस. डब्ल्यू. नाम व त्यांचे सहकारी यांनी २०१३ मध्ये तंतूपासून मोजणीपर्यंतच्या संपूर्ण योजनेची ९३ टक्के कार्यक्षमता जाहीर केली. किंमत थंडीत मोजावी लागली : या पदार्थाचे उपकरण २ के. पेक्षाही कमी तापमानास ठेवावे लागे. २०१७ मध्ये शांघाय येथील संशोधकांनी जुन्या नायोबियम नायट्राइडानेच सु. २·१ के. तापमानास ९० टक्क्यांची मर्यादा ओलांडून दाखविली व २०२० मध्ये बोल्डर येथे मॉलिब्डेनम सिलिसाइडाने ९८ टक्के गाठले. एका बाबीचा येथे उल्लेख केला पाहिजे. बोल्डर येथेच २००८ मध्ये अतिसंवाहक संक्रमणाच्या काठावर चालणाऱ्या उष्णतामापी अभिज्ञातकांनी ९५ टक्के कार्यक्षमता दाखविली होती व ते एका स्पंदात किती प्रकाशकण आहेत हेही सांगू शकतात. ते मागे पडले ते मंद गतीमुळे आणि केल्व्हिनच्या दशांश भागाइतक्या तापमानाच्या खर्चिक गरजेमुळे. नॅनोतारेस २ ते ३ के. तापमान चालते व ते द्रव हीलियम न ओतता, विजेवर चालणाऱ्या बंदिस्त प्रशीतकाने मिळते. प्रयोगशाळेबाहेर या उपकरणाचा प्रसार झाला तो याच सोयीमुळे.

नायोबियम नायट्राइडाच्या अतिपातळ पटलांत अव्यवस्था वाढत गेल्यास अतिसंवाहकता कशी ढासळते, हा प्रश्न या उपकरणांच्या मुळाशी आहे. त्यावर मुंबई येथील टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्च या संस्थेत २००८ च्या सुमारापासून महत्त्वाचे प्रायोगिक काम झाले आहे. भारत सरकारने २०२३ मध्ये मंजूर केलेल्या राष्ट्रीय पुंज अभियानात पुंज संवेदन व मापन या विषयाचे केंद्र मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत ठेवण्यात आले.

उपयोगांपैकी पहिला अगदी व्यावहारिक होता. संकलित मंडलातील (चिपमधील) ट्रँझिस्टर स्थिती बदलताना अत्यंत क्षीण अवरक्त प्रकाश बाहेर टाकतो. तो टिपून चालू मंडलातील बिघाड शोधण्यासाठी नॅनोतार २००३ च्या सुमारास वापरण्यात आली. त्यानंतर गुप्त संदेशवहनाकडे लक्ष वळले. सी. एच. बेनेट व जी. ब्रासार यांनी १९८४ मध्ये सुचविलेल्या पद्धतीत गुप्तलेखनाची किल्ली एकेका प्रकाशकणावर लिहून पाठवितात व मधेच कोणी चोरून वाचल्यास ते उघडकीस येते. प्रकाशकणांचे मध्येच विवर्धन करता येत नसल्याने अंतराची मर्यादा अभिज्ञातक ठरवितो. २०० किमी. तंतूमधून सु. दहा हजारांपैकी एकच कण पलीकडे पोहोचतो. अंधारात उमटणारे खोटे स्पंद त्याहून जास्त असतील तर किल्ली वाचताच येत नाही. जपान व अमेरिका येथील संशोधकांनी २००७ मध्ये नॅनोतारांच्या बळावर हे अंतर पार केले. मिळालेला वेग सेकंदास जेमतेम १२ द्विमान अंक इतका होता. चीनमध्ये २०२३ मध्ये, वेगळ्या पद्धतीने, १,००२ किमी. तंतूवर किल्ली निर्माण करण्यात आली.

कार्यक्षमता ही निव्वळ सोयीची बाब नव्हे, हे २०१५ मध्ये बोल्डर येथे झालेल्या प्रयोगाने दाखविले. जॉन बेल यांनी १९६४ मध्ये मांडलेल्या असमतेनुसार, दूरवरच्या दोन कणांमधील पुंजयामिकीने वर्तविलेला परस्परसंबंध कोणत्याही स्थानिक छुप्या कारणाने समजावून देता येत नाही. पूर्वीच्या प्रयोगांचा कौल पुंजयामिकीच्या बाजूचा होता, परंतु त्यांत बहुसंख्य प्रकाशकण निसटून जात. निसटलेले कण वेगळ्या रीतीने वागत असावेत, असा आक्षेप त्यामुळे घेता येई. पी. एच. एबरहार्ड यांनी १९९३ मध्ये दाखविल्याप्रमाणे ही पळवाट बंद करण्यास दोन-तृतीयांशाहून अधिक कण टिपले जाणे आवश्यक असते. सु. १८५ मी. अंतरावरील दोन केंद्रांत टंगस्टन सिलिसाइडाचे नॅनोतार अभिज्ञातक बसवून बोल्डर येथील गटाने ही अट पूर्ण केली आणि त्याच वेळी एका केंद्रातील निवडीची वार्ता प्रकाशवेगानेही दुसऱ्या केंद्रात पोहोचू शकणार नाही अशी व्यवस्था ठेवली. त्याच वर्षी व्हिएन्ना येथे उष्णतामापी अभिज्ञातकांनी व डेल्फ्ट येथे इलेक्ट्रॉनांच्या परिवलनावर असेच प्रयोग यशस्वी झाले. अनेक दशके चाललेल्या वादाचा निकाल असा उपकरणांच्या टक्केवारीवर अवलंबून राहावा, हे पुंजयामिकीच्या इतिहासात लक्षणीय आहे.

चीनमधील ‘ज्यूझांग’ या प्रकाशकणांवर आधारलेल्या पुंज संगणकात (२०२०) असे शंभर अभिज्ञातक होते. अवकाश संदेशवहनात २०१३ मध्ये चंद्राभोवती फिरणाऱ्या यानाकडून न्यू मेक्सिकोतील केंद्रावर सेकंदास ६२·२ कोटी द्विमान अंक या वेगाने लेसर संदेश घेण्यात आला. ऑक्टोबर २०२३ मध्ये सोडलेल्या ‘सायकी’ यानावर २२ सेंमी. व्यासाचा प्रेषक व केवळ ४ वॉट शक्तीचा लेसर होता. त्याच वर्षीच्या डिसेंबरात सु. ३·१ कोटी किमी. वरून त्याने पाठविलेली चलच्चित्रफीत कॅलिफोर्नियातील पॅलोमार वेधशाळेच्या ५·१ मी. दूरदर्शकामागील नॅनोतार अभिज्ञातकाने टिपली. २०२३ मध्येच बोल्डर येथे चार लक्ष बिंदूंचा एकल प्रकाशकण कॅमेरा तयार झाला. प्रत्येक बिंदूस स्वतंत्र तार जोडून बाहेर आणल्यास तारांतून येणारी उष्णताच प्रशीतकास झेपणार नाही, म्हणून त्यात आडव्या व उभ्या रांगांच्या सामाईक वाहिन्यांवरून बिंदूचे स्थान काढले जाते.

एवढे होऊनही प्रकाशकण शोषल्यावर तारेत नेमके काय घडते याविषयी एकमत नाही. २००१ मधील चित्र सोपे होते : तप्त बिंदूतील अतिसंवाहकता नष्ट होते, प्रवाह त्याच्या दोन्ही बाजूंनी वळतो, तेथे तो क्रांतिक मर्यादा ओलांडतो व सर्व रुंदी रोधी होते. पण तप्त बिंदू इतका मोठा होतच नाही, अवरक्त कणांनाही तार प्रतिसाद देते हे त्यात बसेना. पुढील विवरणांत, विशेषतः २०११ नंतर, दुबळ्या झालेल्या जागेतून चुंबकीय भोवरे तारेच्या रुंदीस ओलांडून जातात व त्यांच्या मार्गात निर्माण होणारी उष्णता उरलेले काम करते, या कल्पनेस महत्त्व आले. तिच्यावरून एक अनपेक्षित निष्कर्ष निघत होता : पटल पातळ व निर्दोष असेल आणि प्रवाह जोड्या फोडणाऱ्या मर्यादेच्या पुरेसा जवळ नेता आला, तर पट्टी अरुंद असण्याची गरजच नाही. मॉस्कोच्याच संशोधकांनी २०१८ मध्ये सु. अर्ध्यापासून पाच मायक्रोमीटरपर्यंत रुंदीच्या नायोबियम नायट्राइड पट्ट्यांनी एकल प्रकाशकण टिपून दाखविले. त्यानंतर रुंद, कोरण्यास सोप्या पट्ट्यांचे अभिज्ञातक अनेक प्रयोगशाळांत तयार होऊ लागले असून त्यांना नॅनोतार म्हणणे यथार्थ राहिलेले नाही. १९४९ च्या पट्टीत रुंदीपेक्षा जाडीचा व पटलाच्या शुद्धतेचा दोष अधिक होता, असे आता म्हणता येते.